किल्ल्यावरचे मावळे धावतच का असावेत?

दिवाळीच्या सुट्टीत किल्ला करण्याची चाल महाराष्ट्रात घरोघर आहे, आणि पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्या कुटुंबांनी ती आपल्यासवे परमुलखांतही नेली आहे. आमच्या हैदराबादेतही मराठी घरांच्या अंगणांत, आणि अंगणे उरली नाहीत तेथे सज्जांत, दगडविटांवर ओले पोते पसरून व त्यावर माती लिंपून लहानमोठे रायगड-प्रतापगड उभे राहतात. अळीव पेरून हिरवळ केली जाते, बालेकिल्ल्यावर सिंहासनस्थ शिवछत्रपती विराजमान होतात, आणि मग बाजारातून आणलेली चित्रे, म्हणजे मातीचे वा प्लास्टरचे मावळे, जागोजाग मांडली जातात. या मावळ्यांविषयीच आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

हे मावळे पाहिले म्हणजे एक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. त्यांतले बहुतेक धावत असतात. एक पाय पुढे, तलवारीचा हात उगारलेला, डोळे वटारलेले. तटावरचा तसाच, दरवाजातला तसाच, आणि महाराजांच्या सिंहासनाशेजारी उभा केलेला तोही तसाच! स्वतःच्या किल्ल्यात, भर राजसभेत, नंगी तलवार उगारून हा गृहस्थ कोणावर चालून निघाला आहे? शत्रूची चित्रे तर बाजारात सहसा मिळत नाहीत. तेव्हा हा सारा आवेश अंगणातल्या झेंडूवर खर्ची पडतो. आमचे मत असे आहे की, किल्ल्यावर उभे राहिलेले, बसलेले, टेहळणी करणारे, भाकरी खाणारे मावळे अधिक असावेत. धावणारा एखादाच असावा.

यावर आमचे विद्यार्थी मित्र म्हणतील, “गुरुजी, लढत नाही तो सैनिक कसला?” प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर दोन अंगांनी द्यावे लागेल, एक कलेच्या, दुसरे इतिहासाच्या.

कलेची गोष्ट अशी की, मूर्ती हलत नाही. उगारलेली तलवार पहिल्या क्षणी आपल्याला दचकवते. परंतु ती खाली येतच नाही. दुसऱ्या दिवशी ती तशीच, चौथ्या दिवशी तशीच. मग आवेशाचे रूपांतर अवघडलेपणात होते. लेसिंग या जर्मन टीकाकाराने १७६६ साली ‘लाओकोन’ हा ग्रंथ लिहिला, त्यात हाच विचार आहे. चित्रकाराला आणि शिल्पकाराला एकच क्षण दाखवता येतो, म्हणून त्याने आवेगाच्या शिखराचा क्षण निवडू नये. शिखरापलीकडे पाहणाराची कल्पना जाऊ शकत नाही. मायकेलअँजेलोने १५०४ साली पुरा केलेला डेव्हिड गोफण खांद्यावर टाकून नुसता उभा आहे, आणि त्या उभे राहण्यातच पुढची सारी लढाई आहे. बर्निनीने सुमारे १२० वर्षांनी घडविलेला डेव्हिड मात्र गोफण फिरवीत ओठ आवळून वाकलेला आहे, आणि तोही अप्रतिमच आहे, हे कबूल केले पाहिजे. पण तो संगमरवरात आणि बर्निनीच्या हातून उतरला. साच्यातून शेकड्यांनी निघणाऱ्या मावळ्याला ते कसे साधावे?

आमच्या गोव्याकडे दिवाळीला किल्ला नव्हे, नरकासुर करतात. अक्राळविक्राळ जबडा, उगारलेले हात, सारा अतिरेक. आणि तो तेथे शोभतो, कारण नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याला जाळून टाकावयाचे असते. एका रात्रीच्या पाहुण्याने कितीही आरडाओरडा करावा. किल्ल्यावरच्या मावळ्याला मात्र पुष्कळदा तुळशीच्या लग्नापर्यंत उभे राहावयाचे असते. आपल्या सालारजंग वस्तुसंग्रहालयातील घड्याळाचेही असेच आहे. तेथला चिमुकला लोहार क्षणाक्षणाला घण मारतो, आणि तास भरताना दुसरी बाहुली बाहेर येऊन टोले देते. ते पाहावयास माणसांची रीघ लागते. तो घण खरोखर खाली येतो म्हणून ही गंमत. लोहाराचा हात वरच अडकून पडला असता तर त्याच्यापुढे कोण थांबले असते?

आता इतिहासाकडे वळू. सैनिकाचे आयुष्य बहुतांशी वाट पाहण्यात जाते. छात्रसेनेतील विद्यार्थ्यांना ‘सावधान’, ‘विश्राम’ आणि ‘आराम से’ हे तिन्ही हुकूम ठाऊक आहेत. सैन्याला उभे राहण्याच्या इतक्या तऱ्हा शिकवाव्या लागतात, यातच सारे आले. शिवाजीमहाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात तलवारीचे पराक्रम नाहीत. पावसाळाभर दाणावैरण कशी पुरवावी, रयतेच्या भाजीपाल्यासही हात कसा लावू नये, चुली कोठे पेटवाव्यात, आणि रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर वात ओढून नेईल व गवताच्या गंजींना आग लागेल, अशी बारीकसारीक काळजी त्यात आहे. ज्या राजाने उंदराचाही विचार केला, त्याच्या किल्ल्यावर दिवा विझवणारा एकही मावळा असू नये?

आणि उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपला गोवळकोंडाच घ्या. १६८७ साली औरंगजेबाने त्याला वेढा घातला, तो सुमारे आठ महिने चालला. या आठ महिन्यांत चढाईचे दिवस थोडे. बाकीचे पाऊस, चिखल, उपासमार आणि रोगराई यांत गेले, आणि हे हाल आतल्यांपेक्षा बाहेरच्या मोगल छावणीलाच अधिक भोगावे लागले. एका रात्री मोगल शिपाई दोरांच्या शिड्यांनी तटावर चढू लागले. पहारेकऱ्यांना चाहूल लागली नाही. एक भटके कुत्रे मात्र भुंकले, किल्ला जागा झाला आणि बेत फसला. अबुल हसन कुतुबशहाने त्या कुत्र्याच्या गळ्यात सोन्याची साखळी घातली असे सांगतात. शेवटी सप्टेंबर महिन्यात किल्ला पडला, तो तोफांनी नव्हे आणि हल्ल्यानेही नव्हे. आतल्याच एका फितूर सरदाराने रात्री दिंडी उघडी ठेवली, आणि मोगल आत आले. त्या रात्री अब्दुल रझाक लारी नावाचा सरदार मूठभर माणसांनिशी त्यांच्यावर तुटून पडला. त्याच्या अंगावर सत्तरच्या आसपास जखमा मोजल्या गेल्या, तरी तो वाचला. त्याच्या निष्ठेने खुद्द औरंगजेबही चकित झाला. आम्ही लारीला मनोभावे वंदन करतो. पण त्याला असे एकट्याने तुटून पडण्याची वेळ आली, कारण दिंडीवर जो शांतपणे, हातात भाला घेऊन, डोळ्यांत तेल घालून उभा असावयास हवा होता, तो तेथे नव्हता.

हे ज्याला कळले त्याला किल्ला मांडताना दरवाजातला पहारेकरी क्षुल्लक वाटणार नाही. गोवळकोंड्याच्या फत्ते दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली तर ती वर बालाहिसारला ऐकू येते. सहलीला गेलेले आमचे विद्यार्थी टाळ्या वाजवून वाजवून हात लाल करून घेतात. त्या टाळीला अर्थ आहे तो वर कोणीतरी कान देऊन बसलेला असेल तरच. असा कान देऊन बसलेला मावळा आम्ही अद्याप एकाही दुकानात पाहिला नाही.

आमच्या पूर्वजांना ही जाण होती असे वाटते. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा या मुलखांत गावोगावी वीरगळ आढळतात. वीरगळ हा लढता लढता पडलेल्या वीराचा स्मारकदगड. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर नौकांची लढाई कोरलेली आहे. या दगडांवर एकावर एक चौकटी असतात. खालच्या चौकटींत झुंज. त्यावर वीराला अप्सरा स्वर्गास नेत आहेत. आणि अगदी वर तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून शांत बसला आहे. लढाईची चौकट पाथरवटाने गाळली नाही, पण ती शेवटची म्हणूनही ठेवली नाही. आपल्या बाजारातले मावळे खालच्या चौकटीतून वर चढलेलेच नाहीत.

तेव्हा येत्या दिवाळीत मुलांनी दोन-चार मावळे घरी करून पाहावेत. शाडूची माती त्यास उत्तम. बसलेल्या वा भाल्यावर टेकून उभ्या असलेल्या माणसाचे हात अंगालगत असतात, त्यामुळे ते सहसा मोडत नाहीत. उगारलेला बारीक हात मात्र धडाच्या आधी वाळतो, आकसतो, आणि खांद्याशी तडकतो. भाल्याला खराट्याची काडी पुरे. एकाला पाण्याच्या टाक्याशी घागर घेऊन वाकवा, एकाला चुलीपुढे बसवा, एकाला बुरुजावर कपाळाशी हात धरून दूर पाहावयास लावा. दारूकोठारापाशी एक पहारेकरी हवाच. तोंडे ओबडधोबड झाली तरी चिंता नाही; माणूस कोणत्या कामात आहे हे त्याच्या पाठीच्या बाकावरूनही कळते. आणि पूर्वी विकत आणलेले धावते मावळे टाकून देऊ नका. त्यांतला एक, फार तर दोन, गडाच्या पायथ्याशी, दरवाजाच्या बाहेर ठेवा, म्हणजे ते कोणावर तरी चालून जात आहेत असे वाटेल. दरवाजाच्या आतल्या बाजूस एक कुत्रे करा. सोन्याची साखळी नसली तरी पिवळ्या लोकरीचा धागा चालेल.