पुढच्या टायरचे वय

टायरच्या दुकानात आणि गॅरेजात पकड हवी की आयुष्य, असा प्रश्न रोज विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा दोन्ही चाकांना मिळून एकच दिले जाते. प्रत्यक्षात मोटरसायकलचे पुढचे आणि मागचे चाक वेगवेगळ्या कारणांनी झिजते व वेगवेगळ्या प्रसंगी घसरते. म्हणून पकड आणि आयुष्य यांचा हिशेबही प्रत्येक चाकासाठी स्वतंत्रपणे मांडला गेला पाहिजे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

रबराची पकड दोन प्रकारांनी निर्माण होते. कोरड्या डांबरावर रबर रस्त्याच्या पृष्ठभागाला अगदी निकट भिडून त्याला चिकटून धरते, हा पहिला प्रकार. दुसऱ्या प्रकारात खडीच्या टोकांभोवती दबलेले रबर पूर्ववत होताना, दाबण्यासाठी खर्ची पडलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो, आणि या गुणधर्माला हिस्टेरिसिस म्हणतात. पावसात पाण्याचा पातळ थर मध्ये आल्यामुळे पहिल्या प्रकारची पकड फारच कमी होते आणि गाडीची सारी भिस्त दुसऱ्या प्रकारावर येते. कंपाऊंड, म्हणजे रबर, कार्बन ब्लॅक, तेल, गंधक इत्यादींचे मिश्रण, मऊ असले की पकड वाढते व झीजही वाढते, हा कारागिरांचा अनुभव खराच आहे. तथापि कार्बन ब्लॅकचा काही भाग काढून त्याजागी सिलिका घालण्याची पद्धत १९९० च्या दशकात रुळल्यापासून हे समीकरण पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही, कारण अशा मिश्रणाने ओल्या रस्त्यावरची पकड वाढूनही टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे चाक फिरताना होणारा विरोध, वाढत नाही. मध्यभागी कठीण आणि दोन्ही खांद्यांवर मऊ रबर असलेले दुहेरी कंपाऊंडचे टायर हाही याच पेचावर काढलेला तोडगा आहे.

ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचे टायर करते. मागचे टायर घसरले तर गाडी सावरण्याची थोडीफार संधी मिळते. पुढचे घसरले तर चालक रस्त्यावर पडल्यावाचून सहसा राहत नाही. इंजिनाची ओढ आणि मागे बसणाऱ्याचे वजन मात्र मागच्या टायरला सोसावे लागते, म्हणून ते मध्यभागी चपटे होत लवकर संपते, आणि मागची दोन टायर बदलली तरी पुढचे एकच टिकून आहे, असे सर्रास आढळते. ग्राहक याला फायदा समजतो. या फायद्यातच खरा धोका दडलेला आहे, कारण पुढच्या टायरच्या खाचा शिल्लक राहतात आणि रबर मात्र म्हातारे होते: ऊन, ऑक्सिजन आणि ओझोन यांच्या माऱ्याने ते कडक होत जाते, खडीभोवती दबण्याची त्याची क्षमता कमी होते, आणि पावसात जिच्यावर भिस्त ठेवायची ती पकडच नाहीशी होते.

हे वय ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. साइडवॉलवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला की लंबगोल चौकटीत चार आकडे दिसतात. ३२१८ असे असेल तर ते टायर २०१८ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाले. त्यानंतर खाच बोटांनी फाकवून तिच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा आहेत का ते पाहावे, आणि रबरावर नख दाबावे. ताज्या रबरात नख थोडे तरी रुतते, म्हाताऱ्या रबरावरून ते सटकते. खाचेच्या तळाशी ०.८ मिलिमीटर उंचीचा झीजदर्शक उंचवटा असतो आणि तिथपर्यंत टायर झिजले की ते काढायचे, हे प्रत्येक कारागीर जाणतो. पण भेगा पडलेले टायर खाचा असूनही काढण्याचा सल्ला देण्यास पुष्कळ जण कचरतात, कारण ग्राहकाला ती विक्रीची युक्ती वाटते. हा संकोच सोडलाच पाहिजे. गोटा झालेल्या टायरवर हाताने नव्या खाचा कोरून देण्याचा प्रकार तर तत्काळ थांबला पाहिजे, कारण त्यात आधीच पातळ झालेले रबर आणखी कापले जाते.

आकाराच्या बाबतीत हौसेने मोठेच नुकसान केले आहे. १००/९०-१७ ५५ पी या खुणेत रुंदी १०० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची, भारक्षमता २१८ किलो आणि वेगमर्यादा ताशी १५० किलोमीटर, एवढी माहिती असते. त्याच रिमवर १२०/९० चढवले तर टायरची उंची ९० वरून १०८ मिलिमीटर होते, मडगार्ड व चेनला घासण्याचा धोका निर्माण होतो, आणि अरुंद रिममध्ये दोन्ही कडा आत ओढल्या गेल्याने माथा टोकदार होऊन रस्त्याला टेकणारा पट्टा उलट चिंचोळा होतो. अधिक पैसे मोजून ग्राहक अशा वेळी कमी पकड आणि कमी आयुष्य घरी नेतो. बटणांसारखे मोठे ठोकळे असलेल्या टायरचेही तसेच आहे. शेतातल्या मातीत ते उपयोगी, पण डांबरावर ठोकळे वाकत राहतात, तापतात आणि भराभर झिजतात.

आयुष्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे हवा. हवा कमी असेल तर खांदे झिजतात व साइडवॉल तापते, जास्त असेल तर मधला पट्टा झिजतो. ती टायर थंड असतानाच मोजावी, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पाऊंडांनी वाढतो. नायट्रोजनबद्दल फार बोलण्याचे कारण नाही, कारण साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

दिवसभर सामान पोहोचवणाऱ्या चालकाला मागे टिकाऊ, कठीण टायर सुचवणे योग्यच आहे. मात्र त्याच गाडीच्या पुढच्या चाकाला ओल्या रस्त्यावर उत्तम पकड देणारे टायर बसवण्याचा आग्रह कारागिराने धरावा, विशेषतः कोकणात आणि घाटांत, जिथे पहिल्या सरीनंतर धूळ आणि तेल मिसळून रस्ता साबणासारखा होतो. सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डवर किलोमीटरच्या आकड्याशेजारी दोन्ही टायरांचे ते चार आकडे लिहिण्याची प्रथा प्रत्येक गॅरेजने मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वीच, सुरू करावी, आणि पुढच्या टायरचे आकडे ग्राहकाला गाडीजवळ नेऊन, बोट ठेवून दाखवावेत.