पर्याय हवा, मागचा दरवाजा नको

‘विद्यापीठे कालबाह्य झाली, घरबसल्या मोबाईलवर पदवी घ्या,’ असा सल्ला हल्ली फुकट मिळतो. सल्ला देणाऱ्यांची स्वतःची मुले मात्र नामांकित कॅम्पसवर नाहीतर परदेशात शिकतात. आमच्या वस्तीतली पहिली पिढी फाटक ओलांडून आत पोचली आणि नेमके तेव्हाच विद्यापीठ निरुपयोगी कसे ठरले?

जुन्या विद्यापीठांचे गोडवे गायला आम्ही बसलेलो नाही. 2016 साली रोहित वेमुला गेला, 2019 साली डॉ. पायल तडवी गेली. एका विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून 1978 ते 1994 अशी सोळा वर्षे आम्हाला झगडावे लागले. ही व्यवस्था बदललीच पाहिजे. प्रश्न एवढाच, की कुणाच्या सोयीने?

बाबासाहेबांनी याचे उत्तर कृतीने दिले आहे. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ, 1950 साली औरंगाबादेत मिलिंद. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. बाबासाहेबांनी गरिबासाठी पदवी छोटी केली नाही, कॉलेजचे घड्याळ बदलले. पर्याय म्हणतात तो हा!

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एका वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. पण बाहेर पडणार कोण? ज्याच्या आईबापाची ऊसतोडीची उचल अजून फिटलेली नाही, तोच. काल याला गळती म्हणत होते, आज लवचिकता म्हणतात. परत येण्याची मुभा आहे म्हणे. मग परतल्यावर खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे कोण भरणार?

1989 साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले, त्याने कामगारांना आणि गृहिणींना शिक्षणाचे दार उघडून दिले, हे आम्ही मानतो. पण ते ज्याने त्याने आपल्या गरजेने निवडायचे दार आहे. आमच्या मुलांना तिकडे वळवून मोठी इमारत इतरांसाठी मोकळी ठेवायची, हा डाव आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. तालुक्याच्या गावी सकाळ-संध्याकाळचे वर्ग आणि वसतिगृह द्या. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर नव्हे, वर्ष सुरू होताना द्या. घटनेचे कलम 15(5) खासगी संस्थांतही राखीव जागांना वाट देते; प्रत्येक खासगी विद्यापीठाला ते बंधनकारक करणारा कायदा करा.

एवढे करा आणि मग खुशाल सुधारणेच्या गप्पा मारा. तोवर तुमच्या प्रत्येक ‘पर्याया’ला आम्ही एकच विचारू : यात तुमचा मुलगा शिकणार आहे का?