दरोड्याला वारसा म्हणायचं का?

आर्मस्ट्राँग, एलियट, ग्रॅहॅम, मॅक्सवेल, जॉनस्टन. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची ही घराणी. सोळाव्या शतकात त्यांचा धंदा म्हणजे रात्री घोड्यावर जायचं, दुसऱ्याची गुरं हाकून आणायची, आडवा आला तर घर पेटवायचं. यांना ‘रीव्हर’ म्हणत. आज त्याच नावावर तिकडे पर्यटन चालतं आणि वंशज छाती फुगवून गोष्टी सांगतात.

गोष्टी भारीच आहेत. घरातलं मांस संपलं की बायको म्हणे नवऱ्यापुढे ताटात घोडा पिटाळायचे बुटाचे काटे वाढायची. म्हणजे ऊठ, दरोडा घाल! मुलाचा बाप्तिस्मा करताना उजवा हात पाण्याबाहेर ठेवायचे म्हणे, वैऱ्यावर उचलायला मोकळा राहावा म्हणून.

पण ज्याची गुरं गेली त्याच्या घरात त्या रात्री काय वाढलं? ते कुणी सांगत नाही. धाडी पडायच्या हिवाळ्याच्या तोंडावर. गाय गेली की पोरं उपाशी. ‘ब्लॅकमेल’ हा शब्दच या सीमेवरचा. लुटू नये म्हणून कुळांनी भरायची ती खंडणी.

आणि वैर किती पिकलं बघा. 1593 मध्ये ड्राइफ सँड्सच्या लढाईत जॉनस्टनांनी मॅक्सवेलांचा प्रमुख मारला. 1608 मध्ये त्याच्या मुलाने समेटाच्या भेटीत जॉनस्टनांच्या प्रमुखाला गोळी घातली. 1613 मध्ये त्या मुलाचंही मुंडकं उडालं. मिळालं काय?

कुणी म्हणेल, दोन्ही राज्यांच्या फौजा पिकं जाळत जायच्या, लोकांनी करायचं काय? खरंय. राजाही संत नव्हता. 1603 नंतर दोन्हीकडे एकच राजा आला आणि त्याने धडाधड फाशी दिली, ग्रॅहॅमांना आयर्लंडला हाकललं. पण भुकेने गुरं चोरणं वेगळं आणि तान्ह्या पोराचा हात आधीच वैरासाठी राखून ठेवणं वेगळं. पहिली लाचारी, दुसरी संस्कार म्हणून दिलेली सुपारी.

वॉल्टर स्कॉटने 1802 मध्ये सीमेवरची गाणी छापली तेव्हा धाडी कधीच थांबल्या होत्या. आपलं घर जळायची भीती गेली की दरोडा रोमँटिक वाटतो.

गोष्टी जपा, जरूर जपा. पण पूर्ण सांगा, लुटल्या गेलेल्याच्या नावासकट.

आता हसण्याआधी जरा आपल्या भावकीकडे बघा. वीतभर बांधावरून आजोबांनी धरलेला अबोला नातू अभिमानाने पाळतोय. कशावरून भांडण झालं, त्याला धड माहीतही नाही. आपण तरी पोरांचा कुठला हात कोरडा ठेवतोय?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण उद्या बोलायचं ठेवा.