आयडलिंगला बंद पडणारी गाडी आणि तुमचं बिल



स्वतःचं गॅरेज टाकायचं म्हणणाऱ्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. जुनी मारुती ८०० आली आहे, कार्बोरेटरवाली. रस्त्यावर मस्त पळते, पण सिग्नलला अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की बंद. काय कराल? उत्तरं साधारण दोनच येतात. एक, "स्क्रू फिरवून रेस वाढवून देतो." दोन, "कार्बोरेटरच बदलून टाकतो." माझं स्पष्ट मत आहे की ही दोन्ही उत्तरं गाडी दुरुस्त करत नाहीत आणि धंदाही उभा करत नाहीत. गॅरेजवाल्याने पार्ट विकण्याआधी निदान विकायला शिकलं पाहिजे, आणि त्याचे पैसे न लाजता घेतले पाहिजेत.

"सर, आता कार्बोरेटर कुठे राहिलेत?" असं काही जण म्हणतील. मारुती ८०० आली डिसेंबर १९८३ मध्ये, तिचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. २००० च्या सुमारास तिला एमपीएफआय इंजिन आलं, म्हणजे कार्बोरेटरवाल्या गाड्या आज पंचवीस वर्षांच्या पुढे गेल्या. नुसत्या त्यांच्यावर गॅरेज चालणार नाही, हे खरं. पण एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होईपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक बाइक आणि स्कूटर कार्बोरेटरवरच होत्या. त्या अजून रस्त्यावर आहेत. कोकणातला ग्रास कटर, लग्नाच्या मंडपामागचा छोटा पेट्रोल जनरेटर, तिथेही हाच प्रकार. कारवर हात बसला की ही बाकीची कामं सोपी जातात.

आधी मुळात काय होतं ते समजून घ्या. गाडी पळत असते तेव्हा कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा जोरात जाते आणि मेन जेटमधून पेट्रोल ओढून घेते. आयडलला थ्रॉटलची झडप जवळपास बंद असते. हवेचा जोर नसतो, मेन जेट गप्प बसतो. मग पेट्रोल येतं ते वेगळ्या बारीक वाटेने, स्लो जेटमधून, झडपेच्या खालच्या बाजूला. या जेटचं भोक असतं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे "पळते छान, पण थांबली की मरते" हे ऐकल्याबरोबर तुम्हाला निम्मं उत्तर मिळालेलं असतं. पेट्रोल पंप, मेन जेट यांच्यामागे वेळ घालवू नका. एकतर स्लो जेटची वाट बंद आहे, नाहीतर इंजिन कुठून तरी जास्तीची हवा घेतंय.

म्हणून पान्हा उचलायच्या आधी गिऱ्हाइकाशी बोला. "काका, सकाळी थंड असताना बंद पडते की गरम झाल्यावर? चोक ओढला तर टिकते का? गाडी किती दिवस उभी होती? याआधी कुणी हात लावलाय का?" या चार प्रश्नांना दोन मिनिटं लागतात. गरम इंजिनला थोडा चोक दिल्यावर आयडल टिकत असेल, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त पडतेय. उलट काळा धूर, पेट्रोलचा वास आणि प्लग काळे, असं असेल तर पेट्रोल जास्त होतंय. मग फ्लोटची लेव्हल आणि निडल व्हॉल्व्ह बघा. गाडी चार महिने सोसायटीत उभी होती असं काका म्हणाले, तर पेट्रोल उडून मागे राहिलेला चिकट थर जेटमध्ये बसलेला असण्याची शक्यता मोठी. हे सगळं एका वहीत लिहून घ्या. गिऱ्हाइकाच्या समोर लिहा. त्याच्या डोळ्यांसमोर तुम्ही मिस्त्रीचे डॉक्टर होता.

आता त्या रेस वाढवून देण्याबद्दल. थ्रॉटलचा स्क्रू आत घेतला की झडप थोडी उघडी राहते, गाडी बंद पडत नाही, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण झालं काय? पेट्रोल आता स्लो जेटच्या वाटेऐवजी दुसऱ्या भोकांतून यायला लागलं. अ‍ॅव्हरेज पडलं. कधी कधी चावी बंद केल्यावरही इंजिन धडधडत राहतं. आणि पीयूसीला गाडी नेली की तिथे धूर आयडलवरच मोजतात, म्हणजे तुम्ही झाकलेला दोष दुसऱ्याच्या मशीनवर उघडा पडणार. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन फिटनेस दाखवून वाढवून घ्यावं लागतं. तेव्हा तो माणूस तुमचंच नाव घेणार, आणि चांगल्या अर्थाने नाही.

बघायचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवा. प्लग, पॉइंट असतील तर त्यांचा गॅप, टायमिंग, एअर फिल्टर, हे आधी उरकून घ्या, कारण इग्निशन खराब असताना कार्बोरेटर सेट करणं म्हणजे उंबरठा वाकडा असताना दाराला रंधा मारणं. मग हवा. कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग, मॅनिफोल्डचं पॅकिंग, व्हॅक्यूमचे बारीक रबरी पाइप. पंचवीस वर्षांचं रबर बाहेरून चांगलं दिसतं, वाकवलं की चिरा दिसतात. इंजिन चालू ठेवून जोडांवर साबणाचं पाणी थोडं थोडं मारा. आवाज बदलला किंवा फसफस थांबली, तर गळती सापडली. बरेच जण इथे कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात. गरम मॅनिफोल्डवर आणि उडणाऱ्या ठिणगीजवळ तो पेट घेऊ शकतो, म्हणून मी तो सुचवत नाही. (आग विझवायचा सिलिंडर गॅरेज उघडायच्या दिवशीच भिंतीला लावा. नंतर लावू म्हणणाऱ्यांचा तो राहूनच जातो.) ज्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे, तिथे ब्रेक दाबल्यावर आयडल डगमगतं का बघा. डगमगत असेल तर हा प्रश्न नुसत्या आयडलचा नाही, ब्रेकचा आहे. ती गाडी तशीच परत देऊ नका.

काही कार्बोरेटरवर आयडलचा सोलनॉइड असतो. चावी चालू केली की 'टक्' आवाज यायला हवा. नाही आला तर वायर किंवा फ्यूज बघा. नुसती सुटलेली वायर जोडून काम झालं, तरी तपासणीचे पैसे घ्याच.

हे सगळं ठीक असेल तरच स्लो जेट काढा. क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा वापरा. तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एवढंसं मोठं झालं तरी तो जेट गेला. सेटिंग करताना मिक्स्चर स्क्रू हळूच पूर्ण आत घ्या. इंजिन मरायला हवं. मरत नसेल तर पेट्रोल दुसरीकडून येतंय, मागे जाऊन शोधा. हलक्या हाताने घ्या, जोर लावला तर स्क्रूचं टोक आणि त्याची बैठक दोन्ही जातात.

एक गोष्ट आता नव्याने धरायला हवी. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं २०३० चं उद्दिष्ट सरकारने २०२५ वर आणलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. एमपीएफआय गाडीचा कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल वाढवून घेतो, कार्बोरेटरचा जेट मात्र आहे तसाच राहतो. मिश्रण पातळ पडतं आणि त्याचा फटका आधी आयडलला बसतो. जुनं रबर, पंपाचा डायफ्राम यांनाही इथेनॉल मानवत नाही, वर ते पाणी ओढतं. त्यामुळे "पूर्वी तर कधी बंद पडत नव्हती" असं काका म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांना हे कारण समजावून सांगा, किट आणि पाइप इथेनॉल चालणारे घाला, आणि मिक्स्चर नव्याने सेट करा.

आता पैसे. समजा तपासणीचे ३०० रुपये ठरवलेत. ते आधी सांगा, काम तुमच्याकडे केलं तर बिलात वळते करा. कार्बोरेटर बदलून तुम्हाला एका दिवशी जास्त सुटतील, हे मान्य. पण बाजारातला स्वस्त डुप्लिकेट कार्बोरेटर बसवलात आणि दोष मॅनिफोल्डच्या पॅकिंगमध्ये होता, तर आठ दिवसांनी तीच गाडी दारात उभी. तेव्हा फुकट काम कोण करणार? तुम्हीच. ज्यांच्याकडे अजून जुनी गाडी आहे ती माणसं बहुतेक हौशी किंवा काटकसरी असतात, आणि दोघंही बोलतात खूप. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या ग्रुपवर. "साठ रुपयांचं पॅकिंग होतं, त्याने तेवढंच बदललं" हे वाक्य तुमच्या बोर्डापेक्षा जास्त गाड्या आणतं.

तपासणीचे पैसे द्यायला एखादा कुरकुर करेलच. "नुसतं बघायचे पैसे?" त्याच्याशी वाद घालू नका. वही दाखवा, काय काय तपासलं ते वाचून दाखवा. तरीही नको म्हणाला तर गाडी जशी होती तशी हसून परत द्या. फुकट बघून देण्याची सवय गिऱ्हाइकाला एकदा लागली की ती मोडायला वर्ष जातं.

गाडी ताब्यात देण्याआधी इंजिन पूर्ण गरम करा, हेडलाइट लावा आणि पाच मिनिटं तशीच आयडलवर उभी ठेवा, काकांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवून. काढलेलं पॅकिंग किंवा जेट पिशवीत घालून त्यांच्या हातात द्या. वहीत तारीख, किलोमीटर आणि काय केलं ते लिहा, खाली त्यांची सही घ्या, आणि आठव्या दिवशी तुम्ही स्वतः फोन करा.