कॉफीच्या टेबलावरची अंधेरी

शहराची चित्रं काढायला निघालेली मंडळी कॉफीशॉपमध्ये जाऊन का बसतात, हा प्रश्न रास्त आहे. अंधेरीत बाहेर काढण्याजोगं कमी नाही: गिल्बर्ट हिलचा काळा कडा, वर्सोव्याच्या होड्या, २०१४पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो. तरीही आमच्या मते लोखंडवालातलं साधं कॉफीशॉप रेखाटणं अधिक निकडीचं. तो कडा साडेसहा कोटी वर्षांचा आहे. भाडं परवडेनासं झालं की कॉफीशॉपची पाटी मात्र रातोरात उतरते. मारिओ मिरांडांनी कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर मुंबईकरांची गर्दी चितारली, म्हणून ते चेहरे आजही भेटतात. गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७मध्ये सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या रेखाटनकारांच्या समूहाचा दंडकही हाच: आत असो वा बाहेर, जागेवर बसून समोरचं काढा.

फोटो आहेत की, असं कुणी म्हणेल. पण फोटो बहुधा कपाचा निघतो. अर्धा तास पेन्सिल चालवणाऱ्याला लॅपटॉपवर पटकथा खरडणारा, टेबल पुसणारा पोऱ्या, दारात ताटकळलेला डिलिव्हरीवाला, सगळे दिसू लागतात. दुसरा आक्षेप जड आहे: दोन-तीनशे रुपयांची कॉफी पिणारी अंधेरी म्हणजे अख्खी अंधेरी नव्हे. मान्य. म्हणूनच रेखाटनाची पुढची बैठक स्टेशनाजवळच्या उडप्याकडे किंवा कटिंगच्या टपरीवर भरवावी. आणि हो, गर्दीच्या वेळी एका कपावर टेबल अडवू नका. रेखाटनाखाली ठिकाण आणि तारीख मात्र न चुकता लिहा.