पळणं तीन वर्षांचं, जगणं बारा वर्षांचं



आज पिकाचं काही नाही. हरभऱ्याला घाटे धरलेत, फवारणी झाली, त्याचं सविस्तर पुढच्या वेळी. आज कुत्र्याचं आणि जाता जाता बैलाचं लिहितो. कारण मागं मी मुलीच्या घरच्या कुत्रीचा फोटो टाकला होता, तर दहा-बारा जणांनी एकच विचारलं, "अण्णा, कारवानी कुठनं घेतली? पिल्लू मिळंल का?"

ती कारवानी नाही. ग्रेहाउंड आहे आणि ती ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असते. मुलगी-जावई तिथं नोकरीला आहेत. गेल्या पावसाळ्यात मी आणि आमची मंडळी दोन महिने राहून आलो. आपल्याकडं पावसाळा तेव्हा तिथं कडक थंडी. कुत्री दिसायला आपल्या कारवानीसारखीच, खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब तोंड. वासापेक्षा नजरेनं शिकार धरणारी जात. पण ही शर्यतीत पळून निवृत्त झालेली आहे. मुलीनं तिला दत्तक घेतली. शर्यतीच्या कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, घरात तिला बिजली म्हणतात. नाव बिजली आणि दिवसभर लोडशेडिंग. खोटं सांगत नाही, चोवीस तासांतले अठरा तास ती झोपूनच असायची. चारी पाय वर करून, मान वाकडी टाकून. पहिल्या दिवशी आमच्या मंडळींना वाटलं जनावराला काहीतरी झालंय.

ताशी साठ किलोमीटरच्या वर पळणारं जनावर घरात इतकं गप असतं हे बघितल्याशिवाय पटत नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरवलं की झालं. भुंकणं जवळजवळ नाहीच. राखणीला ठेवायचा विचार असेल तर सोडा, चोर आला तर ही त्याला कोच दाखवंल.

पण सांभाळायला सोपी म्हणजे बिनकामाची नव्हे. अंगावर चरबी नाही, केस बारीक, कातडी कागदासारखी पातळ. तारेला नुसती घासली तरी फाटते. थंडीत बाहेर नेताना अंगावर झूल घालावी लागते, आपण बेंदराला बैलाला घालतो तसली, फक्त लोकरीची. फरशीवर झोपवलं तर कोपराला घट्टे पडतात म्हणून जाड गादी. मान डोक्यापेक्षा रुंद, त्यामुळं साधा पट्टा मागं सरकली की निसटतो. ओढलं की आवळणारा रुंद पट्टा लागतो. आणि रस्त्यावर कधीच मोकळी सोडायची नाही. मांजर पळताना दिसलं तर हाक तिच्या कानावर जाईपर्यंत ती दोन गल्ल्या पुढं असंल, आणि मध्ये मोटार आली तर संपलं. व्हिक्टोरिया राज्यात आधी पाळीव ग्रेहाउंडला बाहेर तोंडाला जाळी घालायची सक्ती होती. १ जानेवारी २०१९ पासून ती उठली, पण दोरी मात्र कायद्यानं अजून लागतेच.

मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. ही कुत्री घरात आली तेव्हा तिला जिना चढता येत नव्हता. काचेचं दार कळत नव्हतं, जाऊन धडकायची. आरशातल्या कुत्र्याकडं बघत तासभर उभी राहायची. जन्मापासून पिंजरा, गाडी, शर्यतीची पेटी आणि धाव एवढंच तिनं बघितलेलं. झोपेत कुणी हात लावलेला माहीत नाही, म्हणून अचानक हात लावला तर दचकून अंगावर येते. आधी नावानं हाक मारायची, जागी झाली की मग हात लावायचा. घरात लहान पोरं असतील त्यांनी हे आधी शिकावं. जिना शिकवायला जावयाला चार दिवस लागले, एकेक पाय उचलून पायरीवर ठेवत. सहा वर्षांचं जनावर आणि पायरी माहीत नाही.

आता माझं म्हणणं.

ग्रेहाउंड दीड-दोन वर्षांची झाली की पळायला लागते. चार-पाच वर्षांची झाली की तिचं पळणं संपतं, त्याआधी पाय मोडला तर आधीच. आणि जगते बारा-तेरा वर्षं. म्हणजे ज्यानं कमवलं त्यानं तीन वर्षं सांभाळलं, आणि पुढच्या सात-आठ वर्षांची वैरण, डॉक्टर, दात, म्हातारपण हे सगळं माझ्या मुलीसारख्यांनी करायचं. दातांची साफसफाई भूल देऊन करतात, त्याचा आकडा जावयानं सांगितला तेव्हा मी मनातल्या मनात रुपये करायचं सोडून दिलं. मुलीची तक्रार नाही. ती म्हणते, घरात लक्ष्मी आली. मी शेतकरी आहे, मला हिशोब दिसतो. हा खर्च शर्यतीच्या हिशोबात कुठंच धरलेला नव्हता.

आणि ज्यांना घर मिळालं त्यांचं हे. न मिळालेल्यांचं ऐका. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात जिवंत ससे-पिल्लं दाखवून कुत्र्यांना तयार करतात हे २०१५ मध्ये टीव्हीवर उघडं पडलं. सरकारनं चौकशी लावली. २०१६ च्या अहवालात आलं की मागच्या बारा वर्षांत ४८ हजार ते ६८ हजार ग्रेहाउंड मारून टाकल्या, कारण काय तर पळायला कमी पडल्या. सरकारनं जुलैत बंदी जाहीर केली आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरात मागं घेतली. राजकारण सगळीकडं सारखंच, बघा.

व्हिक्टोरियात शर्यत भरवणारी संस्थाच १९९६ पासून दत्तक द्यायचा कार्यक्रम चालवते. कुत्र्याचा स्वभाव तपासतात, नसबंदी, लसी करून देतात. चांगलं आहे, बिजली तिथनंच आली. पण बांधावरून पाणी जातंय आणि आपण खाली बादली लावतोय, तसलं हे काम आहे. दरवर्षी पिल्लं किती जन्माला घालायची याला आवर नसेल तर घरं कुठून पुरणार? दत्तक घेणाऱ्याच्या मायेवर शर्यतवाल्याची जबाबदारी ढकलायची, हे मला पटत नाही. पिल्लाची नोंद होते तेव्हाच त्याच्या म्हातारपणाचे पैसे मालकाकडून भरून घ्या, मग बघा किती पिल्लं निघतात ते. न्यूझीलंडनं तर डिसेंबर २०२४ मध्ये सरळ जाहीर केलं की जुलै २०२६ अखेर शर्यत बंद. तिथं आता या कुत्र्यांना घरं लागणार आहेत. तुमची पोरं-सुना तिकडं असतील आणि कुत्रं पाळायचं मनात असेल तर विकतचं पिल्लू घेण्याआधी त्यांना हे सांगा. लहान फ्लॅट असला तरी चालतं. मांजर असेल तर मात्र मांजरासोबत तपासलेली कुत्रीच मागून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, अण्णा, परदेशातल्या कुत्र्यांचं आम्हाला काय?

आपल्याकडं बैल आहेत. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं शर्यत बंद केली तेव्हा मीही मोर्चात होतो. २०१७ ला राज्यानं कायदा केला, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम केला. गुलाल मीही उधळलाय आणि शर्यत बंद व्हावी असं मी आजही म्हणत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावराच्या डॉक्टरचा दाखला, एक हजार मीटरच्या आत अंतर, हे सगळं नियमात आलं. पण हे शर्यतीच्या दिवसाचं झालं. पळायला कमी पडल्यावर बैलाचं काय?

आमच्या चुलत्यांच्या बैलानं तीन मैदानं मारली होती. पुढं आठ वर्षं तो दावणीला होता. चुलत्यांनी स्वतःची म्हैस विकली पण त्याच्या पेंडीला कमी केलं नाही. असे मालक आहेत, खूप आहेत, त्यांना माझा दंडवत. पण आदत खोंड लाखांत घेऊन, दोन-तीन सीझन पळवून, पुढं तीन हात फिरवणारेही आता आलेत. शेवटच्या हातात बैल जातो तो कुणाच्या? ज्याला कडबाच परवडत नाही त्याच्या. २०१५ पासून राज्यात बैल कापायला बंदी आहे, म्हाताऱ्या बैलाला उघड गिऱ्हाईक नाही, ट्रॅक्टर आल्यापासून औताला कुणी नेत नाही. मग रात्री टेम्पोतनं नेऊन दुसऱ्या गावच्या शिवारात सोडायचा. आमच्या ओढ्याकडंला गेल्या वर्षी असे दोन आले. एकाच्या शिंगाला अजून रंग होता.

आमच्या गावच्या यात्रा कमिटीपुढं मी लेखी मांडलंय. प्रत्येक जोडीच्या प्रवेश फीतले थोडे आणि बक्षिसाच्या रकमेतला दहावा हिस्सा बाजूला काढायचा. त्यातून गावातल्या निवृत्त शर्यतीच्या बैलांना कडबा-पेंड द्यायची. बैलाच्या कानातला बिल्ला बघून पहिल्या मालकाचं नाव वहीत लिहायचं, आणि बैल कितीही हात फिरला तरी शेवटी विचारायचं त्यालाच. एक मेंबर म्हणाले, असं केलं तर आपल्या मैदानाला जोड्या कमी येतील. मी म्हणलं, येऊ देत कमी. बैठक चैत्रात आहे. तोवर तुमच्या गावात असं काही चालू असेल तर पैसे कसे गोळा करता, वही कोण ठेवतं आणि तंटे कसे मिटवता ते खाली लिहा. मला बैठकीत वाचून दाखवायचंय.