वहिनींची गोळी

आमच्या वहिनींचें वय शहात्तर. रक्तदाबाची गोळी त्यांनीं पंधरा दिवस बंद ठेविली होती, आणि खरें सांगावयाचें तर, "हीं रसायनें पोटांत कशाला?" हें त्यांच्या मनांत भरविलें आम्हींच.

नागपुरास रसायनशास्त्र शिकणारी आमची नात दिवाळीस खाप्याला आली, तिनें आमची हजेरी घेतली. "आजोबा, तुमच्या चहांतलें कॅफीन, कोष्ट्यांच्या सुतास चढणारी नीळ आणि मोठ्या आजींची गोळी हीं एकाच कुळांतलीं." कार्बनच्या अणूंचें कडें, त्यांत नायट्रोजनासारखा परका अणु बसलेला, म्हणून नांव विषमचक्रीय संयुगें. गोळी अ‍ॅम्लोडिपिनची. तिच्यांतील कड्याची जात हान्त्श या जर्मन शास्त्रज्ञानें १८८१ सालीं अ‍ॅल्डिहाइड, अ‍ॅसिटोअ‍ॅसेटिक एस्टर व अमोनिया यांपासून सिद्ध केली.

अशा संयोगास उत्प्रेरकानें वेग येतो. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळविणारा मध्यस्थ. दोन घरें जोडून स्वतः मोकळा, पुढच्या लग्नास तयार. त्याचें काम पृष्ठभागावर चालतें, म्हणून तो जितका बारीक तितका बरा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे घन पाडले तर ६०० चौरस मीटर! (आम्हीं पाटीवर ताडून पाहिलें.) लोहाच्या ऑक्साइडाचे असे कण घेतले, तर काम झाल्यावर लोहचुंबकानें ओढून पुन्हां वापरतां येतात.

आम्हांस लागलीच जवळच्या गुमगांवची मँगनीजची खाण आठवली. नात हंसली. मँगनीजच्या ऑक्साइडांवरहि प्रयोग होतात. पण खलांत कुटून कांहीं नॅनोमीटर गांठतां येत नाहीं.

वहिनींनीं मात्र नेमकें विचारलें, "एखादा कण गोळींतच राहिला तर, ग?"

"राहूं शकतो. म्हणून औषधांत धातूचा अंश किती चालेल याच्या मर्यादा ठरल्या आहेत, तो मोजतात. शिवाय ही रीत अजून बहुतेक प्रयोगशाळेंतली. तुमची गोळी अशीच होते, असें मी म्हणत नाहीं."

हें उत्तर वहिनींना पटलें. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, रसायन वाईट, हें तुम्हीच ना सांगितलेंत?" बळ देणाऱ्या औषधास आयुर्वेदांत रसायनच म्हणतात, हें आम्हीं वर्गांत जन्मभर शिकविलें होतें. आम्ही गप्प बसलों.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे नेलें, तों दाब १८० च्या घरांत. गोळी पुन्हां सुरू झाली आहे. चहा त्यांनीं कमी केलेला नाहीं.